खडीकरणापर्यंतचा रस्ता

कोकणातल्या कुठल्याही गावाच्या तोंडाशी एक पाटी असते. खाली निधी कुणी मिळवून दिला त्याचं नाव, वर कामाचं नाव : 'अमुक वाडी ते तमुक वाडी रस्त्याचे खडीकरण व डांबरीकरण करणे'. पाटी नवी असते तेव्हा रस्ता जुना असतो, आणि रस्ता नवा होईतो पाटी गंजलेली असते. खडीकरण झालंय आणि डांबरीकरण व्हायचंय, या मधल्या अवस्थेत काही रस्ते दोन महिने राहतात, काही दहा वर्षं. एसटीचा ड्रायव्हर त्यांना शिव्या घालतो, रिक्षावाला भाडं वाढवून सांगतो. सायकलींच्या जगात मात्र नेमका हाच रस्ता शोधत फिरणारी एक जमात गेल्या वीसेक वर्षांत तयार झाली आहे, आणि तिच्यासाठी वेगळी सायकलही. तिचं नाव ग्रॅव्हल बाइक.

दिसायला ती शर्यतीच्या सायकलीची थोराड बहीण. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल तेच, पण खालच्या टोकांना बाहेर फाकलेलं. उतारावर हात रुंद धरता यावेत म्हणून. टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे, जिथे डांबरावरच्या शर्यतीत २८ म्हणजे पुष्कळ झाले. ब्रेक डिस्कचे. दोन चाकांमधलं अंतर किंचित जास्त, त्यामुळे सैल खडीवर ती चटकन बिथरत नाही. माउंटन बाइकला पुढे असतात तसे शॉक-ॲब्सॉर्बर मात्र बहुतेक ग्रॅव्हल सायकलींना नसतात. धक्के सोसायचं काम टायरातली हवा करते. त्या हवेकडे परत यायचंच आहे, कारण या सायकलीची निम्मी हुशारी तिथे आहे.

हा सगळा प्रकार नवा आहे असं दुकानदार सांगतात. ते फारसं खरं नाही. जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' सायकल १८८५ची, डनलॉपचा हवेचा टायर १८८८चा. त्या काळी गावाबाहेर डांबर होतं कुठे? १९०३च्या पहिल्या 'तूर द फ्रान्स'मध्ये सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर कापले गेले, ते बहुतांशी धुळीच्या आणि खडीच्या रस्त्यांवरून. म्हणजे सायकलीचा मूळ रस्ता खडीचाच.

आणि खडीचा रस्ता म्हणजे काय, हे ठरवून दिलं जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने. १८१६च्या सुमारास ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार त्याच्याकडे आला. त्याचं म्हणणं साधं होतं. खाली मोठाले दगड बसवत बसू नका. लहान, कोनदार फोडलेली खडी थरांनी पसरा, रस्त्याला मधे थोडा फुगवटा ठेवा, पाणी दोन्ही बाजूंना निघून जाऊ द्या. वरून गाड्या गेल्या की कोनात कोन अडकून खडी आपोआप बसते. डांबराचा यात पत्ता नव्हता. ते आलं मोटारींबरोबर, त्यांनी उडवलेली धूळ बसवायला. १९०२मध्ये एडगर पर्नेल हूली या इंग्रज अभियंत्याने डांबर मिसळलेल्या खडीचं पेटंट घेतलं आणि 'टारमॅक' हा शब्द रूढ झाला. त्यातला 'मॅक' म्हणजे मॅकॅडम. ज्याने डांबर कधी वापरलं नाही, त्याचं नाव डांबराला चिकटलं! आपल्या बांधकाम खात्यात आजही खडीकरणाच्या थराला 'डब्ल्यूबीएम' म्हणतात. त्यातला 'एम'ही तोच गृहस्थ.

डांबर सगळीकडे पोचल्यावरही काही मंडळी मुद्दाम कच्च्या वाटेला लागत राहिली. इंग्लंडमध्ये १९५५ साली अशा लोकांनी 'रफ-स्टफ फेलोशिप' नावाचा क्लब काढला. इटलीत तोस्कानाच्या टेकड्यांमधले पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, या हट्टापायी १९९७ मध्ये 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. पण ग्रॅव्हल या शब्दाला आज जे वजन आहे ते मिळालं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात. २००६ साली एम्पोरिया गावाहून ३४ जण २०० मैलांच्या म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरच्या खडीच्या शर्यतीला निघाले. शर्यतीचं नाव होतं 'डर्टी कँझा'. कँझा हे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीचं नाव, आणि त्याच्या आधी 'डर्टी' लावणं शोभत नाही अशी तक्रार वाढत गेली; २०२०मध्ये नाव बदलून 'अनबाउंड ग्रॅव्हल' झालं. आज तिथे हजारोंनी लोक येतात. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानेही २०२२पासून ग्रॅव्हलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. पहिली इटलीत झाली.

 

कॅन्ससमध्येच हे का घडलं, याचं उत्तर जमिनीत आहे. एम्पोरियाभोवतीच्या टेकड्यांना 'फ्लिंट हिल्स' म्हणतात. फ्लिंट म्हणजे गारगोटी. चुनखडकाच्या थरांत इथे गारगोटीचे थर आहेत, आणि वर मातीचा पातळ पापुद्रा. अमेरिकेतली उंच गवताची माळरानं शेतकऱ्यांनी जवळजवळ सगळी नांगरून टाकली. या टेकड्यांत नांगराचा फाळ दगडाला लागला म्हणून इथली राहिली. शेती नाही म्हणून वस्ती विरळ, वस्ती विरळ म्हणून रस्त्यांना डांबर नाही. गुरं हाकणाऱ्यांसाठी टाकलेले खडीचे रस्ते तसेच राहिले. त्या गारगोटीच्या कपच्या टायरची कड ब्लेडने कापावी तशी कापतात, हा त्या शर्यतीचा लौकिक.

हे वाचताना रत्नागिरीच्या माणसाला स्वतःचा सडा आठवला नाही तरच नवल.

सडा म्हणजे कोकणातलं जांभ्याचं पठार. रत्नागिरीकडे त्यालाच 'कातळ' म्हणतात. भरपूर पाऊस आणि भरपूर उष्णता मिळून खालच्या काळ्या पाषाणातली सिलिका लाखो वर्षं धुऊन निघाली, मागे लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, तो हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या नोकरीतल्या स्कॉटिश डॉक्टरने केरळातल्या अंगाडीपुरमजवळ लोकांना तो विटेसारखा कापून काढताना पाहिलं, आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. कोकणातली निम्मी घरं, बहुतेक गडगे आणि विहिरी याच चिऱ्यांच्या. नांगराचं मात्र सड्यावर काही चालत नाही. माती बोटभर. कॅन्ससमध्ये गवत वाचलं, इथेही गवतच वाचलं, आणि गवताखाली आणखी काहीतरी.

ते काहीतरी म्हणजे कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गेल्या दशकात गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून सड्यावर कोरलेली शेकडो चित्रं उजेडात आणली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. २०२२मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. नांगर चालला असता तर यातलं एकही उरलं नसतं. सुरुंग मात्र चालतो. हापूसच्या कलमांसाठी सड्यात सुरुंगाने खड्डे पाडून त्यात बाहेरून माती भरायची पद्धत कोकणात चांगलीच रुळली आहे, आणि चिरेखाणी आहेतच. सायकलवाल्याला हवी असलेली मातीची वाट बहुतेक वेळा अशाच कुठल्या तरी कलमांच्या बागेकडे किंवा चिरेखाणीकडे जाते, हेही कबूल करायला हवं. वाट ज्याने केली, सडाही तोच फोडतो आहे.

या तांबड्या वाटेची स्वतःची एक तऱ्हा आहे. गारगोटीसारखी ती टायर कापत नाही. ती घसरवते. कातळ झिजून त्याचे हरभऱ्याएवढे, गोल, लोहाने जड झालेले खडे सुटतात आणि टणक पृष्ठभागावर मोकळे पडून राहतात. चालणाऱ्याचा पाय ज्यावरून सटकतो, तेच चाकाखाली येतात. अशा उतारावर नवखा सायकलस्वार घाबरून पुढचा ब्रेक दाबतो आणि गुडघ्यावर तांबडा शिक्का घेऊन उठतो. मुरलेला माणूस वजन मागे टाकतो, कोपर सैल सोडतो, वळणाच्या आधीच वेग कमी करून घेतो आणि वळणात ब्रेकला हात लावत नाही.

आणि त्याने घरून निघतानाच टायरातली हवा कमी केलेली असते.

इथे थोडं गणित. सायकल, माणूस आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर मागच्या चाकावर साधारण ५० किलोचा भार येतो. भार भागिले हवेचा दाब म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा भाग, असा ढोबळ हिशेब. दाब ९० पीएसआय असेल तर तो भाग येतो सुमारे ८ चौरस सेंटिमीटर. दहा रुपयांची जेमतेम दीड नाणी. दाब ४०वर आणला की तो होतो १८च्या आसपास, म्हणजे तीन नाण्यांच्यावर. पकड तेवढी वाढली. पण अरुंद टायरात इतकी कमी हवा ठेवली तर पहिल्याच दगडावर रिम आपटेल आणि ट्यूब दोन ठिकाणी चिमटून पंक्चर होईल. म्हणून टायर रुंद. त्यात ट्यूबच नसेल आणि आत पातळ चिकासारखं सीलंट असेल तर आणखी बरं. करवंदीच्या काट्याचं भोक चालत्या चाकात बुजून जातं.

रुंद आणि मऊ टायर हळू चालतो, अशी समजूत सायकलवाल्यांत जवळजवळ शंभर वर्षं होती. आपले सायकलदुकानवाले अजून अंगठ्याने टायर दाबून 'कडक झालं' म्हणतात तेव्हा त्यामागे हीच समजूत असते. 'बायसिकल क्वार्टर्ली' या अमेरिकेतल्या नियतकालिकाचे संपादक यान हाइने यांनी खडबडीत पृष्ठभागावर प्रत्यक्ष चाचण्या घेऊन तिला धक्का दिला. गोटा झालेला टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. ते उडणं हाडामांसात जिरतं, आणि जिरलेली ताकद अखेर पायांनीच पुरवलेली असते. मऊ टायर खड्याला पोटात घेतो आणि चाक पुढे जात राहतं. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर गोष्ट वेगळी. पण गुळगुळीत लाकडी ट्रॅक गुहागर तालुक्यात नाही.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्याच्या रस्त्याचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं आहे. सरकारी कागदांत रेडीची 'रेड्डी' झाली, रस्ता मात्र सलग झाला नाही, कारण मधे खाड्या आहेत. सायकलस्वाराच्या दृष्टीने ही अडचण नव्हे, चैन आहे. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते. बोट जेटीला लागते, पुढचा लोखंडी फाळका खडखडत खाली येतो, आधी मोटारसायकली सुटतात, मग जीपा, मग आंब्याच्या किंवा मासळीच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो. सायकल कठड्याला टेकवून ठेवता येत नाही. इंजिनाच्या थरथरीने ती घसरत घसरत आडवी होते, म्हणून ती धरून उभं राहायचं. पाणी प्यायचं, चार शेंगदाणे खायचे, आणि ज्या चढावरून आपण आत्ता उतरलो त्याच्यासारखाच चढ समोरच्या काठावर बघायचा.

कारण किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो हा घाटावरच्या लोकांचा गैरसमज आहे. सडा समुद्राकडे तुटतो तिथे खाली गाव, नारळ-सुपारीची वाडी, देऊळ आणि पुळण. गावातून निघायचं म्हणजे पुन्हा सड्यावर चढायचं. चढ घाटासारखा लांब नसतो. तो संपतो, थोडा सडा लागतो, आणि पुढच्या गावासाठी सगळी कमाई उतारावर उधळावी लागते. दिवसातून असं सात-आठ वेळा. म्हणून ग्रॅव्हल सायकलीच्या पुढच्या चक्रीला ४० दाते असतील तर मागची सगळ्यात मोठी ४२ दात्यांची घेतात. पायाचा एक फेरा झाला की चाकाचा एकही पुरा होत नाही. वेग चालणाऱ्याइतका पडतो, पण उतरून ढकलायची वेळ येत नाही.

वेळास, केळशी, आंजर्ले हा पट्टा या साऱ्याचा उत्तम नमुना. वेळास हे नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव. पण आता ते ओळखलं जातं कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून इथे गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा त्या चिमुकल्या गावात गाड्यांची रांग लागते. सायकलीला रांग नसते. खाडीच्या अंगाने खाजणांचे बांध आहेत. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला भात कापून मोकळं झालेलं शेत, मधे चारेक फूट रुंदीची मातीची वाट. असा बांध धरायच्या आधी समोर दिसेल त्या माणसाला विचारावं. बांध गावाने सांभाळलेला असतो, आणि पुढे तो फुटलेला आहे की नाही हे नकाशाला ठाऊक नसतं.

रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या डोक्यावर, फणसाडचं जंगल आहे. जंजिऱ्याच्या नवाबाची ही शिकारीची राखीव जागा. १९८६मध्ये अभयारण्य झालं. समुद्राच्या इतक्या जवळ शेकरू पाहायला मिळावा अशा जागा थोड्या. जंगलातल्या पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात, आणि फणसाड हे नावही अशाच एका गाणीवरून आलेलं आहे. आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालायची नाही. पण जंगलाच्या कडेने जाणारा रस्ताही सकाळच्या वेळी पुरेसा शांत असतो, आणि सायकलीला आवाज नसल्यामुळे वानर हुप्प करायच्या आधी आपण त्याला पाहतो.

पुळणीवरून जायचं असेल तर कोकणाने त्याचंही गणित करून ठेवलं आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे तीन : भरती तीनच्या सुमारास, ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कर्दे-मुरूडसारख्या किनाऱ्यावर पाण्यालगतची ओली वाळू इतकी घट्ट असते की ४५चा टायर नुसती रेघ ओढत जातो. दहा पावलं वर कोरडी वाळू लागली की चाक रुतलंच. त्या दिवशी संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीच्या रहाटासारखी करकरते.

पावसाळ्यात मात्र सड्यावर चाक घालू नये. कातळ शेवाळतो हे एक कारण, पण खरं कारण दुसरं. पहिल्या पावसानंतर रत्नागिरीच्या सड्यांवर दिपकाडीची पांढरी फुलं येतात. 'दिपकाडी कोंकणेन्से' ही जगात फक्त कोकणाच्या आसपासच्या जांभ्यावर सापडणारी वनस्पती. पुढे गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. हे सगळं उगवतं त्या बोटभर मातीत. ओल्या मातीत उठलेली चाकोरी पाण्याला वाट करून देते आणि माती वाहून जाते. बैलगाडीची किंवा जीपची आधीपासून असलेली वाट आहे, तिच्यावरून जावं. कातळशिल्पाच्या चौकटीजवळ तर सायकल गडग्याबाहेर ठेवूनच जावं. शिल्पावर टायरचा माग दिसला की गावकरी बोलतात, आणि त्यांनी बोलायलाच हवं.

हे रस्ते असेच राहतील असं कुणी धरून चालू नये, आणि राहावेत असा आग्रह धरायचा अधिकार शनिवार-रविवारी येणाऱ्या सायकलवाल्याला नाही. बाळंतिणीला तालुक्याच्या गावी न्यायचं असतं तेव्हा खडीचा रस्ता रम्य वाटत नाही. डांबर येणार, आणि खाड्यांवरच्या पुलांची कामंही आता हाती घेतली जात आहेत. पूल झाला की बोटीचा धंदा किती टिकेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा रेवस ते रेडी हा किनारा ज्याला होडीतून खाड्या ओलांडत सायकलीने पाहायचा आहे, त्याने फार वर्षं थांबू नये. त्यासाठी परदेशी बनावटीची सायकलच हवी असंही नाही. ४० मिलिमीटरचा टायर मावेल अशी कुठलीही धड सायकल चालेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आठवडा निवडावा, कालनिर्णयात तिथी पाहावी, टायरात हवा पस्तीस-चाळीसपर्यंतच ठेवावी, आणि संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता सुटते हे आदल्या गावातच विचारून घ्यावं. दाभोळची बोट चुकली, तर पलीकडचं धोपावे समोर दिसत असूनही तिथे जायला चिपळूणचा वळसा घ्यावा लागतो.